बोराएवढी गोळी

अण्णांना परत जायचं होतं आणि मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. गोष्ट एवढीच आहे, बाकी सगळी भांग.

अण्णा म्हणजे माझे सासरे, नागपूरचे दिगंबरराव वकील. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या आणि वर्षभरानं माझ्या नवऱ्यानं, गुरुदत्तनं, अण्णांना आमच्याकडे मिशिगनला आणलं. ट्रॉयमधलं आमचं घर तसं चांगलं होतं. मागं मेपलची झाडं, पुढं दोन गाड्यांचं गराज. गुरुदत्त गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचं डिझाइन करायचा आणि घरी आला की स्वतःच्या तोंडालाही ब्रेक लावून बसायचा. लेक दीपा कॉलेजच्या होस्टेलवर. मी फोनवर मराठीत विचारणार, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार. मी सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला जायचे आणि दुपारी परत यायचे. मग संध्याकाळपर्यंत त्या घरात माझ्या सोबतीला फ्रिज. तो घरघरायचा, पण बोलायचा नाही.

अण्णा आले आणि माझ्या दुपारींना तोंड फुटलं. ते डाळ निवडायला बसत आणि माझ्या आमटीची उलटतपासणी घेत. "सुनेत्रा, ही आमटी आहे की डाळीचं प्रतिज्ञापत्र? दाट काहीच नाही, नुसतं पाणी!" मी चिडायचे, ते हसायचे. मला इतकं बरं वाटायचं की सांगता सोय नाही. आपल्यावर आपल्या भाषेत रागावणारं माणूस घरात असणं ही काय चीज आहे, हे ज्याच्या घरात ते असतं त्याला कधीच कळत नाही.

पण थंडी पडली आणि अण्णा मिटले. जेवण अर्ध्यावर आलं. बर्फाकडे तोंड करून खिडकीशी बसायचे. एक दिवस गुरुदत्तला म्हणाले, "माझं तिकीट काढ."

"अण्णा, ग्रीन कार्डाचे पेपर्स आत्ताच फाइल केलेत. आत्ता गेलात तर सगळं कॅन्सल होईल. समर येऊ दे, मग बघा इथली मजा."

"समर आमच्याकडेही असतो," अण्णा म्हणाले आणि उठून गेले.

यांना इथं काय कमी आहे, याचा मी फार विचार केला. मग आठवली ती संध्याकाळची गोळी.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी नागपूरला काढलं, तेव्हा रोज बघायचे. अण्णा कोर्टातून येताना सरकारी परवान्याच्या दुकानातून भांगेची पानं आणत. माई ती भिजवायच्या, धुवायच्या, मिरी, बडीशेप आणि मगज घालून पाट्यावर गंधासारखी वाटायच्या आणि बोराएवढी गोळी वळायच्या. त्यांनी स्वतः ती कधी जिभेला लावली नाही, पण बोटांची टोकं कायम हिरवट. दिवा लागला की अण्णा गोळी घेऊन झोपाळ्यावर बसत, माई उंबऱ्यावर वाती वळत बसत आणि अण्णा बोलायला लागत. दिवसभर "अगं ए, पाणी," "अगं ए, छत्री," एवढाच संसार. संध्याकाळी मात्र कोर्टातल्या गमती, लहानपण, भीती, सगळं. घरात ओल्या गवताचा आणि मिरीचा वास भरून राहायचा. नव्या नवरीला तो वास म्हणजे सासऱ्यांचं व्यसन वाटायचं. पुढं कळलं, की ती दोघं तेवढ्याच वेळात भेटत होती.

आता हे मिशिगनमध्ये कुठून आणायचं? तर लॅबमध्ये माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर डेल बसायचा. दाढीवाला, व्हिएतनाममधून परतलेला, अ‍ॅन आर्बरजवळ राहणारा. त्याच्या कोटाला अधूनमधून एक वास यायचा. इथं स्कंक नावाचा मांजराएवढा प्राणी असतो. तो रस्त्यात गाडीखाली आला की मैलभर दुर्गंधी सुटते. वास त्याच जातीचा, पण खाली लिंबाची साल आणि चीडाच्या झाडाचा डिंक. तो गांजा ओढतो अशी लॅबमध्ये कुजबुज होती, म्हणून मी एकदा धीर करून विचारलं. तेव्हा ते बेकायदा होतं, डेल पांढराफटक पडला. मी म्हटलं, "घाबरू नकोस, माझ्या सासऱ्यांसाठी हवंय. धार्मिक कारण आहे." ते खोटंही नव्हतं, महाशिवरात्र जवळ आली होती.

त्यानं आम्हाला घरी बोलावलं. बाग बघायला नेते असं सांगून मी अण्णांना गाडीत घातलं. बाहेर सगळं गोठलेलं आणि डेलच्या तळघरात उकाडा. वर पिवळेजर्द दिवे, पंख्यांची घरघर आणि खाली कमरेएवढी झाडं. शेंड्यांना बोटभर जाड कणसं, त्यांच्यावर रवाळ साखर शिंपडावी तसे चिकाचे कण. वास असा, की डोळ्यांत पाणी आलं.

अण्णा दारातच थांबले. "भांग," ते म्हणाले, इतक्या हळू की जणू देवळात उभे आहेत. मग एक शेंडा बोटांत धरून हुंगला. "पण हा वास आपला नाही. आपल्या भांगेनं पावसातलं गवत आठवतं. ह्याला रॉकेलची बाधा झाली आहे."

डेलला मी यातलं निम्मंच सांगितलं. तो खुशीत येऊन माहिती देऊ लागला. बी कॅलिफोर्नियातल्या मित्राकडून आलं. त्या जातीचा एक पूर्वज हिंदुकुशच्या डोंगरातला, बुटका आणि लवकर पिकणारा. दुसरा केरळातला, उंच आणि डोक्यात चढणारा. दोन्ही एकत्र करून, निवडून निवडून त्यानं ही जात धरली होती. तिला नाव दिलं होतं लॉरेन.

"लॉरेन म्हणजे?" अण्णांनी इंग्लिशमध्ये विचारलं.

"बायको. ऑरेगनला निघून गेली," डेल म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, की नर झाड ओळखू आलं की तो ते लगेच उपटतो. मादीला पराग मिळाला तर ती बी धरते आणि शांत होते. पराग मिळाला नाही तर ती वाट बघत राहते, आणि वाट बघता बघता चीक सोडत राहते. नशा त्या चिकात.

"म्हणजे जितकी वाट बघायला लावाल तितकी कडक," अण्णा म्हणाले.

"यस सर."

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "त्या झाडांनी ऊन बघितलंच नाही गं. केरळाचं पोर, आणि दिव्याखाली वाढून राहिलं आहे." मी म्हटलं, आता रडवू नका, रस्त्यावर बर्फ आहे.

निघताना डेलनं कणसांची पुडी माझ्या हातात देऊन बजावलं होतं, "चिमूटभर. त्याहून जास्त नको. खाल्लं तर उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा अमेरिकन माणूस. लॅबमध्ये माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी चाखून यानं दोन ग्लास पाणी प्यायलं होतं. यांची चिमूट म्हणजे आपली मूठ! आमच्या अण्णांची अर्धी हयात भांगेत गेली, त्यांना चिमटीनं काय होणार? तिखटाचा हिशोब मी नशेला लावला. पानं आणि कणसं यांत ताक आणि तुपाइतकं अंतर असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

महाशिवरात्रीला मी सुट्टी घेतली. पितळी खलबत्त्यात मिरी, बडीशेप, बदाम घालून लॉरेनला कुटलं, दूध-तुपात शिजवलं आणि बोराएवढी गोळी वळली. देवापुढं ठेवली. अण्णांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली. "माप बरोबर माईचं आहे," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. मग गोळीचा हरभऱ्याएवढा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला. "प्रसादाला नाही म्हणू नये."

मी नाही म्हटलं नाही.

तासभर काही झालं नाही. अण्णा म्हणाले, "तुझ्या डेलनं फसवलं. हा नुसता पाला आहे." उपास आमच्याकडे कुणी धरत नव्हतं, म्हणून मी पिठलं करायला घेतलं. बेसन कालवता कालवता माझ्या लक्षात आलं, की मी कधीची कालवतेच आहे. चमचा एक फेरी मारायचा आणि त्या एका फेरीत माझं अख्खं माहेर येऊन जायचं. फोडणीत मोहरी तडतडली ती एकेक, सुटी सुटी, जणू प्रत्येक मोहरीला स्वतंत्र काही सांगायचं होतं. मला हसू यायला लागलं. बाहेर अण्णाही हसत होते, कशाला ते विचारू नका. मग त्यांनी पिठलं मागितलं आणि ताट चाटूनपुसून खाल्लं. कित्येक महिन्यांत त्यांना असं जेवताना मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, जिंकलं! आता हे कुठं जात नाहीत.

मी ताट घेऊन आत गेले आणि बाहेर एकदम शांत झालं. मग हाक आली.

"अगं ए."

मी ताट ओट्यावर ठेवलं. मला ते सुनेत्रा म्हणायचे, फार तर पोरी. ही हाक माझी नव्हतीच.

मी दाराआडून बघितलं. ते सोफ्यावर मागंपुढं झुलत होते, जणू खाली झोपाळा आहे. तोंड स्वयंपाकघराकडे, पण नजर माझ्या पार पलीकडे. चेहरा इतका सुखी, की मला बघवेना. चिमूटभर, डेल म्हणाला होता. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी तर सांगू काय? तरी मी फोनचा रिसीव्हर उचलून हातात धरला. श्वास नीट चालला होता, रंगही ठीक होता. बोलणं मात्र थांबेना.

"अगं ए, ऐकून राहिली आहेस ना? इथं सगळं बरं आहे. पोरगा चांगला आहे, बोलत नाही एवढंच. सून तर लाखात एक आहे. म्हणते, राहा. मलाही तिला सोडवत नाही गं, दुपारभर एकटी असते बिचारी. पण तुला तिकडं एकटं टाकून आलो आहे. संध्याकाळी दिवा कोण लावतं? तूच सांग, राहू का येऊ? तू म्हणशील ते करीन."

आणि ते थांबले. कान देऊन थांबले.

मी दाराआड, रिसीव्हर हातात. एक शब्द बोलायचा होता. राहा. माईंचा आवाज काढायचीही गरज नव्हती, त्या अवस्थेत कुणाचाही आवाज त्यांना माईंचाच वाटला असता. राहा म्हटलं असतं की अण्णा माझे होते. डाळ, आमटी, उलटतपासणी, सगळं माझं. तो क्षण किती लांब होता ते मला सांगता येणार नाही, माझ्याही पोटात हरभऱ्याएवढी लॉरेन होती. त्या क्षणात मला आमच्या घरातल्या सगळ्या दुपारी दिसल्या, गेलेल्या आणि पुढं येणाऱ्या, एकीला एक लागून. मला राहा म्हणायचं होतं हो. जीव तोडून म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "या. मी वाट बघतेय."

अण्णांनी मोठा श्वास सोडला, जणू खटल्याचा निकाल लागला. मग सोफ्यावरच आडवे झाले आणि झोपले. मी त्यांच्या अंगावर ब्लँकेट घातलं आणि जमिनीवर बसून त्यांचा श्वास ऐकत राहिले. गुरुदत्त आला तेव्हा मी रडत होते आणि पातेल्यातलं पिठलं बोटानं खात होते.

"काय झालं?" तो म्हणाला.

"अण्णांचं तिकीट काढ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा उठले ते अगदी ठणठणीत. लॉरेनविषयी एवढंच म्हणाले, "बाई फार कडक आहे. नवरा कसा टिकला नाही, समजलं." त्या दिवसाचा बाकी विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. उरलेली पुडी मी डेलला परत केली.

वसंत लागला तेव्हा आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. गुरुदत्त बॅगा द्यायला रांगेत उभा राहिला. अण्णा आणि मी बाकावर बसलो होतो. ते समोर बघतच म्हणाले, "भांगेनं माणूस वेडा होतो, सुनेत्रा. बहिरा होत नाही."

"अण्णा..."

"माई असती तर राहा म्हणाली असती. पोरीला सोबत होईल म्हणाली असती. जन्मभर तिनं दुसऱ्याचंच बघितलं, मला कधी या म्हटलं नाही. तो शब्द तिच्या तोंडून ऐकायची फार इच्छा होती." ते थांबले. "तू म्हणालीस. तुला परवडत नव्हता, तरी म्हणालीस."

"मग जाताय कशाला?" मी इतकी चिडून बोलले, की शेजारच्या बाईनं वळून बघितलं. "कळलं होतं ना माई नव्हत्या ते? मग राहा की!"

"खरं सांगू? जायचं मलाच होतं. कुणीतरी बोलवायला हवं होतं फक्त."

गुरुदत्त परत आला. नमस्कार झाले. अण्णा काठी टेकत गेटापर्यंत गेले, त्या उंच उंच माणसांच्या रांगेत बुटके, कानटोपी घातलेले. पास दाखवला आणि एकदम मागं वळले. सगळ्या गोऱ्या लोकांच्या डोक्यांवरून, कोर्टात पुकारा करावा तशा खणखणीत आवाजात ओरडले, "पोरी, ये! मी वाट बघतो!"

आणि आत गेले.

गाडीत बसल्यावर गुरुदत्तनं विचारलं, "शेवटी काय म्हणाले?"

"पोचल्यावर पत्र टाकतो म्हणाले," मी म्हटलं आणि खिडकीची काच खाली केली.