न हलणारी खूण

तलावात उतरण्याआधी शिकवणाऱ्या ताईंनी सगळ्यांना सेलिंग क्लबच्या गवतावर मांडलेल्या फळीभोवती उभं केलं आणि एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली. विंडसर्फिंगच्या या शिडाच्या फळीला ना सुकाणू, ना ब्रेक. तुम्ही ज्याच्याकडे बघाल तिकडे तुमचे खांदे वळतात, खांदे वळले की शीड वळतं, आणि शिडामागून फळी निमूट जाते. म्हणून काठावरची एक खूण पक्की करायची आणि तिच्यावरून नजर काढायची नाही. खूण न हलणारी हवी. पाण्याची टाकी घ्या, झेंड्याचा खांब घ्या, शेडचा कोपरा घ्या.

"माणूस घेऊ नका," ताई म्हणाल्या. "माणूस हलतो."

"आमच्या ऑफिसातले नाही हलत," वस्तीतला पोस्टमन म्हणाला. "ते घेतले तर चालतील?"

ओलसर लाइफ जॅकेटं चढवत उभी असलेली मंडळी हसली. पोस्टमन मागच्या शिबिरालाही आला होता, त्यामुळे विनोद करण्याचा हक्क आपला आहे असं त्याला वाटत होतं. पहिल्यांदाच आलेली एक आईही हसली, तिनेही मान डोलावली, आणि मग तिने माणूसच घेतला.

म्हणजे आपली लेक. शाळेत जायच्या वयाला आलेली ती पोर लाल जॅकेट घालून काठावर नाचत होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा स्थिर नसे. रात्री सरळ निजवावी तर सकाळी पाय उशीवर. लाल जॅकेट आईनेच हट्टाने घेतलं होतं, गर्दीत लांबून दिसावं म्हणून. पोर जन्मल्यापासून आईने तिला नजरेआड म्हणून होऊ दिलं नव्हतं. अंघोळ करायची ती दार किलकिलं ठेवून, फोनवर बोलायचं ते एक डोळा तिच्यावर ठेवून. आता शाळा सुरू होणार, वर्गाचं दार लागणार, आणि आपण बाहेर उभं राहणार, हा नुसता विचार आला तरी ती पोरीचं बोट घट्ट धरी. शेवटी नणंदेनेच तिला न विचारता इथे नाव देऊन टाकलं. वस्तीतल्या लोकांसाठी शिबिर होतं, पोहता येत असलं की पुरे.

"वहिनी, तू तिला सांभाळत नाहीस, पहारा देतेस," नणंद म्हणाली होती. "एक सकाळ माझ्यावर सोड. पळून नाही जाणार मी तिला घेऊन."

ती कबूल झाली, पण एका अटीवर. भिंगरीला शेडमध्ये न्यायचं नाही, गाडीत बसवायचं नाही. जिथून दिसेल तिथेच, उघड्या काठावर ठेवायचं.

त्या सकाळी वारा क्लबच्या काठाकडून तलावावर येत होता. शीड उचलताना पाठ वाऱ्याकडे हवी, त्यामुळे फळीवर चढून दोर ओढायला उभं राहिलं की तोंड आपसूक पलीकडच्या काठाकडे होई. तिकडे कुणी जाऊ नका, असं ताईंनी बजावलं होतं. वारा न्यायला तयार असतो, आणायला नाही. तसंही तिकडे जाण्यासारखं काही नव्हतं. उंच लव्हाळे, आणि त्यांच्यापुढे चिखलाची अरुंद पट्टी.

ती पडली, चढली, पुन्हा पडली. शीड पाण्यात पडलं की पाणी पिऊन ओल्या गादीसारखं जड होई, आणि उचलायला जावं तर फळी पायाखालून सटके. दर वेळी डोकं वर काढलं की ती आधी लाल ठिपका शोधी, मग नाक पुसे. आभाळ आणि पाणी एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. मध्येच कॉलेजातल्या दोन मुलींची शिडं एकमेकींत अडकली आणि ताई मोटरबोट घेऊन त्यांच्याकडे गेल्या. बोटीचा आवाज लांब जात जात थांबला.

आणि मग अचानक तिला जमलं. दोर ओढला, शीड वर आलं, आडवा दांडा हातात बसला, आणि फळी पाणी कापत निघाली. गुडघे आपोआप वाकले. कित्येक वर्षांत तिच्या अंगाला असं हलकं वाटलं नव्हतं. समोर लाल ठिपका होता. जराही न हलता, हात दोन्ही बाजूंना सोडून, भिंगरी तिच्याकडे बघत उभी होती.

शहाणी गं माझी बाय, ती मनात म्हणाली. आईसाठी उभी राहिली बघ.

ठिपक्याचं जॅकेट झालं. जॅकेटावर चेहऱ्याचा फिका गोल दिसू लागला. तिने एक हात सोडून उंचावला. त्याच क्षणी पोरीनेही हात उंचावला. नंतर नाही, त्याच क्षणी. तिने हात खाली घेतला, पोरीचाही खाली आला.

"आई, बघ ना," भिंगरी म्हणाली.

हे तर तिचं दिवसभराचं तुणतुणं. खडा सापडला, बघ ना. उडी मारते, बघ ना. आवाज इतका जवळून आला की आईच्या तोंडून सवयीने "बघतेय गं" निघूनही गेलं, आणि त्यानंतर तिच्या लक्षात आलं की वारा अजून तिच्या पाठीवरच होता. समोरून आवाज यायचा तर या वाऱ्याला भेदून यायला हवा. शिवाय भिंगरीच्या मागे शेड हवी होती, नणंद हवी होती, टाकी हवी होती. तिथे लव्हाळे होते. एवढ्या वाऱ्यात ते डुलत होते आणि जॅकेटाची कड मात्र फडफडत नव्हती.

भिंगरी एवढा वेळ कधी उभी राहिली होती?

तिने मान वळवली. मागे लांबवर, क्लबच्या काठावर, एक लाल ठिपका बदकांमागे सैरावैरा धावत होता आणि नणंद त्याच्यामागे. त्या ठिपक्याने तलावाकडे एकदाही बघितलं नाही. आई पाण्यात आहे की बुडाली, याची त्याला पर्वा नव्हती.

मान वळवली तशी फळी डगमगली, ती गुडघ्यांवर आदळली आणि शीड पाण्यात गेलं. पुन्हा उचलायचं तर वाऱ्याकडे पाठ, म्हणजे तोंड त्या काठाकडेच. तिने दोर हातात घेतला आणि नजर पायांवर ठेवली.

"आई, बघ ना."

आवाजात आता रडं होतं. पडल्यावर, गुडघा फुटल्यावर येतं तसं. ओठ बाहेर काढून, आधी दबून आणि मग हुंदक्यासह. या आवाजाला ती झोपेतून उठून धावत आली होती, गॅसवर दूध सोडून आली होती. अंगातला कण न् कण तिकडे ओढला गेला. समजा हीच खरी असली तर? समजा पोर कशीतरी तलावाला वळसा घालून इथवर आली असली, चिखलात रुतली असली, म्हणून हलत नसली तर? एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?

पण बघितलं की फळी तिकडे जाणार होती.

शीड वर आलं. तिने ते मागे कलतं केलं, शिडाच्या उभ्या दांड्याला धरून पावलापावलाने फळी वळवली आणि क्लबचा काठ समोर आणला. आधी तिने धावणाऱ्या लाल ठिपक्यावरच नजर टाकली. ठिपका डावीकडे गेला तशी फळी डावीकडे, उजवीकडे गेला तशी उजवीकडे, आणि ती पडता पडता वाचली. ताईंचं म्हणणं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उतरलं. मग तिने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. पोरीवरची नजर काढली. या काठावरचीही आणि त्या काठावरचीही. पाण्याच्या टाकीवर गंजाचा एक ओघळ होता, तोच तिने पकडून ठेवला. वाऱ्याला तिरकं घेत, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, ती इंचाइंचाने काठ जवळ करत राहिली. मागून हाका येत होत्या. मग नुसतं रडणं. मग तेही थांबलं, आणि थांबलेलं सगळ्यात वाईट होतं.

शेवटी ती काठाला लागली. फळी ओढायला पोस्टमन पुढे आला. आता तरी काहीतरी टोमणा येणार म्हणून ती तयार राहिली, पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिकडे कोण होतं?"

ती नजरेने भिंगरीला शोधू लागली.

"मागच्या वेळी माझी आई होती," तो म्हणाला. "मला घरी यायला उशीर झाला की फाटकात उभी राहायची, तशी. आता मी टाकीच बघतो, दुसरीकडे नाही." आणि तो शीड धुवायला नळाकडे गेला.

भिंगरी आत्याच्या हातातून सुटून आली, एक भिजलेला मोजा आईच्या तोंडासमोर धरला, आणि बदक कसं पळालं ते सांगत सुटली. आईने तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. नणंद हसून म्हणाली, पहारा सुरू.

कपडे बदलायच्या खोलीत फरशी ओली होती. बाकावर नणंद टॉवेलांच्या घड्या करत होती. आईने पोरीला समोर उभं केलं, खाली वाकून कोरडे मोजे चढवले आणि बुटाचा पट्टा बकलात घातला. भिंगरीने आईच्या ओल्या डोक्यावर हात टेकवला होता.

"आई, तू हात केलास ना, मग तिने पण केला."

"कोणी?"

"तिकडच्या मुलीने. तिला न्यायला कोणी नाही येत?"

"बघ वहिनी, किती शहाण्यासारखी उभी आहे," नणंद मागून म्हणाली. "एका सकाळीत सुधारली."

आईने मान वर केली नाही. पट्टा लावून झाला होता, तरी तिने बकलावरचं बोट काढलं नाही, आणि हातातला तो इवलासा पाय हलण्याची वाट बघत ती तशीच वाकून राहिली.