दोनदा पटकन, एकदा लांब

खारूताईच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, तिच्यासाठी एक दिवा केला होता. छोट्याशा बोर्डवर नखाएवढी चिप आणि वर दुधी काच. चालू केला की तो दोनदा पटकन लुकलुकायचा, एकदा लांब. दारावरही माझी लेक अशीच थाप मारायची.

लेक गेली. मागोमाग दिवाही रुसला.

"यातला प्रोग्राम दुसरीकडे कुठेच नाही," मी नातीला सांगितलं. "चिप पुरती मरायच्या आत तो बाहेर काढायचा, मग नव्या चिपमध्ये घालायचा."

दुपारी दिवा वायरने जोडून आम्ही लेकीच्याच लिनक्स लॅपटॉपसमोर बसलो. खारूताईचं त्यावर वेगळं खातं होतं. लागणारी साधनं सगळ्यांसाठी खुली, फुकट. एका कमांडमध्ये उतरली.

"हा आपलं लिहिणं चिपच्या भाषेत करतो," मी म्हणालो, "आणि हा त्याची ने-आण करतो. पोस्टमन."

सरावाला तिने लाल दिव्याचा एक प्रोग्राम तयारही केला.

"आता नीट ऐक. वाचायचं तर r, लिहायचं तर w. लिहिलं की आधीचं पुसलं जातं. म्हणून आधी..."

"वाच, मग लिही! आजोबा, मी काय बालवाडीत आहे?"

आणि ठसक्यात w टाइप करून तिने एंटर दाबलं.

स्क्रीनवर एक ओळ उमटली: परवानगी नाही.

"चिपपर्यंत पोचायला लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या एका ठरावीक गटात नाव लागतं," मी कसाबसा म्हणालो. तो गट उघडून पाहिला. त्यात एकच नाव होतं. तिच्या आईचं.

"आईने अडवलं मला," खारूताई म्हणाली.

मी नियम समजावणार होतो. नाही समजावला.

लेकीने मला देऊन ठेवलेला पासवर्ड घालून तिचं नाव आईच्या शेजारी लावलं. "आता खात्यातून बाहेर पडायचं आणि परत आत यायचं, तेव्हाच हे लागू होतं. 'जाते' नाही हं, 'येते' म्हण."

"आईपण 'येते'च म्हणाली होती."

स्क्रीन काळी झाली. तिच्यात आम्ही दोघंच दिसत होतो. तरी मी उगाच मोजून पाहिलं.

ती परत आत आली. या वेळी एंटर दाबण्याआधी बोट ठेवून अक्षर वाचलं: r. रेघ सावकाश भरत गेली. प्रोग्राम हाती आला. तिने तो दोन ठिकाणी जपून ठेवला.

वाचून झालं की चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे मला ठाऊक होतं. पण हा दिवा कित्येक महिने पेटला नव्हता.

दुधी काच उजळली. दोनदा पटकन. एकदा लांब.

"आले, आले!" म्हणत खारूताई दाराकडे पळाली. कडी निघाल्याचा आवाज आला. मान वळवून बघायचा मला धीर झाला नाही.