खिडकीचे पोपडे

रतन दोन वर्षांची होती आणि अंगणातली माती खायची. म्हणून १९६७च्या उन्हाळ्यात तिची आजी धनकुंवर यांनी तिला माडीवरच्या खोलीत ठेवायचे ठरवले. धुळ्यातले ते घर तिचे आजोबा हीरालाल शेठ यांच्या वडिलांनी एका कापसाच्या जिनवाल्याकडून घेतले होते. माडीला बसता येईल अशा रुंद खिडक्या होत्या. लाकडावर सफेदा आणि अळशीच्या तेलाच्या रंगाचे थर चढले होते, आणि उन्हाने त्यांचे पोपडे सुटत. रतन खिडकीत बसून ते सोलायची आणि तोंडात टाकायची. तिची आई मंजू हिने एकदा एक पोपडा चाखून पाहिला. चव गोडसर होती. मातीची सवय सुटली, याचे घरात सगळ्यांना समाधान होते.

पावसाळ्यात रतनचे पोट दुखू लागले. जेवण सुटले. नुकते शिकलेले शब्द ती विसरू लागली.

डॉक्टर आले तेव्हा हीरालाल शेठ समोरच बसले होते. सासऱ्यांच्या देखत सुनेने बोलायचे नाही, ही घरची रीत. मंजूने घुंघटातून सासूच्या कानात सांगायचे आणि सासूने ते डॉक्टरांना. मुलगी काही वेडेवाकडे खाते का, असे डॉक्टरांनी विचारले. खिडकीचा रंग खाते, असे मंजू कुजबुजली. शेठची नात उपाशी पोरीसारखी लाकूड चाटते, हे परक्या माणसाला सांगणे धनकुंवरांना बरे दिसेना.

"मातीची सवय होती," त्या म्हणाल्या. "आता सुटली."

डॉक्टरांनी जंतांचे औषध दिले. मंजूचा नवरा महावीर सुरतेहून कापडाची खरेदी करून परतला, तेव्हा मंजूने त्याला हे सांगितले. आईने काही विचार करूनच सांगितले असेल, असे तो म्हणाला. रतन माडीवरच राहिली.

गणपतीचे विसर्जन झाले आणि तिला झटके येऊ लागले. डॉक्टर धावत आले. त्यांनी धनकुंवरांकडे पाहून पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मंजूने घुंघट मागे सारला.

"रंग खाते. खिडकीचा. मी तेव्हाच सांगितलं होतं."

सासऱ्यांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टरांनी रतनचा ओठ वर केला. हिरडीवर निळसर काळी रेघ होती. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांच्या हिरड्यांवर ती त्यांनी पाहिली होती. सफेद्यात शिसे असते, ते रक्तात गेले आहे आणि मुलीला आजच मुंबईला न्यावे लागेल, असे त्यांनी सांगितले.

"याच खिडकीत आम्ही वाढलो, डॉक्टर," शेठ म्हणाले. "आम्हाला काय झालं?"

"तेव्हा रंग लाकडाला धरून होता, शेठ."

मुंबईच्या इस्पितळात इंजेक्शने देऊन तिचा जीव वाचवला. जे गेले ते परत यायचे नाही, असेही तिथे सांगितले. रतन भिंत धरून चालू लागली. बोलली मात्र नाही. त्या घरात तिला पुन्हा नेऊ नका, अशी ताकीद मिळाल्यामुळे शेठनी गावातच, देवपुरात दुसरे घर घेतले.

दिवाळीनंतर जुन्या घरात भाडेकरू आले. नवरा कचेरीत कारकून, बायको लताबाई सोनगीरची, दोन लहान मुले. मंजूला हे कळले तेव्हा तिने महावीरला त्यांना सांगून यायला सांगितले. वडिलांचा व्यवहार आहे, आपण मध्ये पडायचे नाही, असे तो म्हणाला. दुपारी ती कुणाला न विचारता रतनला कडेवर घेऊन निघाली.

लताबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. मुले जवळच खेळत होती. मंजूने सगळे सांगितले. लताबाई हसल्या.

"मन्हा पोरे लाकूड खातस का, भाभी?"

मंजूने रतनला खाली उभे केले. रतन डुलत उभी राहिली. तोंडातून लाळ गळत होती, नजर कशावरच ठरत नव्हती. धाकटा मुलगा तिच्याकडे धावला आणि त्याने तिचा हात धरला.

लताबाईंचे हसू गेले. त्यांनी सूप टाकले, झडप घालून मुलाला ओढले, दुसऱ्याला काखेत घेतले. "हिचं वारं लागायचं पोरांना," असे पुटपुटत त्या जिना चढल्या. वर त्याच खिडक्यांच्या माडीचे दार लागल्याचा आवाज आला आणि आतून कडी बसली.


मंजू जिन्याखालून हाका मारत राहिली.