जोडीला एक निरोगी बाई

पुमेझा नर्सने सगळं नीट समजावून सांगितलं होतं आणि नोलुसापोला ते कळलंही होतं. हृदयातून निघणारी जी मोठी रक्तवाहिनी, ती तरुणपणी लवचीक असते, वय झालं की ताठर होते. जितकी ताठर, तितकी नाडीची लाट तिच्यातून वेगाने धावते, आणि एमआरआयचं यंत्र त्या लाटेचा वेग मोजतं. एचआयव्ही असलेल्या माणसांची वाहिनी वयाआधीच म्हातारी होते का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. इथवर ठीक. पंचाईत पुढे होती.

"मादलोमो," पुमेझा म्हणाली. मोठ्या बाईला कुळाच्या नावाने हाक मारायची, एवढी रीत त्या पोरीला होती. "येताना जोडीला एक बाई आणा. तुमच्याच वयाची, तुमच्याच वस्तीतली, पण निरोगी. म्हणजे दोघींची तुलना करता येते. मैत्रीण, शेजारीण, कुणीही चालेल."

कुणीही चालेल म्हणे. तिशीतल्या पोरीला हे म्हणणं सोपं असतं. नोलुसापोच्या वयाच्या बाया खायेलित्शाच्या वस्तीत उरल्या होत्या कुठे? तिच्याबरोबर गावाहून केपटाऊनला आलेल्या, एका खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्या, एकमेकींचे बूट घालून कामाला जाणाऱ्या पोरी एचआयव्हीच्या गोळ्या मिळायला लागण्याआधीच गेल्या. तेव्हा दर शनिवारी कुणाची ना कुणाची मयत असायची. क्षयाने गेली म्हणायचे, न्यूमोनियाने गेली म्हणायचे. खरं नाव कुणी घ्यायचं नाही. नोलुसापो तेवढी मागे राहिली. गोळ्या दडवून ठेवायच्या, दवाखाना दोन टॅक्स्या बदलून परक्या वस्तीतला गाठायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं, असं तिचं आयुष्य चाललं होतं.

राहता राहिली कुंपणापलीकडची वुयेल्वा. अंगाने चांगली भरलेली, गुरुवारी लाल ब्लाउज घालून चर्चच्या बायकांत खड्या आवाजात गाणारी. अशा धष्टपुष्ट बाईला रोग कसला असणार, असं सारी गल्ली मानायची. आजारी माणूस म्हणजे वाळलेला, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नोलुसापोच्याही.

वुयेल्वा कपडे वाळत घालत होती.

"वुये, सोमवारी काय करतेस?"

"राष्ट्राध्यक्षांनी जेवायला बोलावलंय. का गं?"

"मोठ्या दवाखान्यात आपल्या वयाच्या निरोगी बाया हव्यात. छातीतल्या नळीचा फोटो काढतात. टॅक्सीचं भाडं देतात, वर जेवण."

"जेवणात काय?"

"कोंबडी असेल."

"असेल म्हणजे? आधी विचारून ये." वुयेल्वा हसली. मग हातात चिमटा धरून जरा थांबली. "तू पण निरोगी म्हणूनच चाललीस?"

"मग काय," नोलुसापो म्हणाली.

जोडीच्या बाईचं रक्त आधी तपासणार, हे पुमेझाने सांगितलं होतं, पण त्याबद्दल ती बोलली नाही. ते बोललं की त्या रोगाचं नाव निघणार, आणि ते निघालं की वुयेल्वा खोदून खोदून विचारणार. शिवाय तिला सोबत हवी होती. डॉक्टरांसाठी नव्हे, स्वतःसाठी. आजवर तिच्याबरोबर दवाखान्यात कुणी म्हणता कुणी आलं नव्हतं.

सोमवारी टॅक्सीत दोघी अंग चोरून बसल्या. ड्रायव्हरच्या टोपीपासून पाद्रीबुवांच्या बायकोच्या विगपर्यंत वुयेल्वाने कुणालाही सोडलं नाही. नोलुसापोला हसून हसून ठसका लागला. असं हसायला येतं हेच ती विसरली होती.

पुमेझाने आधी नोलुसापोला आत नेलं. ती अरुंद बोगद्यात आडवी झाली आणि यंत्र ठोकाठोकी करायला लागलं. श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा, असा आवाज कानात येत राहिला. श्वास धरून पडल्या पडल्या तिने ठरवून टाकलं, की परतीच्या वाटेवर वुयेल्वाला सगळं सांगायचं. काय होईल फार तर? बोलणं बंद करेल. पण टॅक्सीतली ती वुयेल्वा बोलणं बंद करणाऱ्यातली वाटत नव्हती.

बाहेर आली तर वुयेल्वा बाकावर पर्स मांडीशी धरून बसली होती.

"तुला नाही नेलं आत?"

"मला नको म्हणाले."

"का?"

"त्यांना निरोगी हवी होती." वुयेल्वा खाली बघत होती. "त्या पोरीने रक्त तपासायचं म्हटलं. मी म्हटलं, बोटाला टोचू नकोस, बाळ, काय निघेल ते मला ठाऊक आहे. धाकट्याच्या वेळेपासून ठाऊक आहे." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "रक्त तपासतात हे तू सांगितलं असतंस, तर मी आलेच नसते. पण तुझी तरी काय चूक? निरोगी माणसाला हे सुचणार कसं?"

मीही तशीच, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होते. पण आता ते म्हणणं म्हणजे, सगळं माहीत असूनही मी तुला त्या सुईसमोर आणून बसवलं, हे म्हणणं होतं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर तुला सांगितलं."

परतताना वुयेल्वाने कुणाचीच टिंगल केली नाही.

काही आठवड्यांनी पुमेझाचा फोन आला. मादलोमोंची वाहिनी वयाच्या मानाने बरीच ताठर होती, रक्तदाबाची गोळी सुरू करावी लागणार होती. "आणि जोडीची काळजी करू नका," पुमेझा म्हणाली. "दुसऱ्या भागातली एक बाई मिळाली."

"कोण ती?"

"नाव सांगता येत नाही."

नोलुसापो बाहेर आली. वुयेल्वा टबातून ओली चादर उपसत होती.

"आला का गं तुझा रिपोर्ट?"

"आला."

"मग?"

हीच ती वेळ, असं तिला वाटलं. वुयेल्वा चादर हातात धरून तिच्याकडे बघत राहिली होती, आणि तिच्या नजरेत एवढी धास्ती होती, की नोलुसापोच्या तोंडून भलतंच निघालं. "ठीक आहे म्हणतात. तरण्या पोरीसारखी आहे नळी."

"बरं झालं, बाई," वुयेल्वा अगदी मनापासून म्हणाली. "आपल्या वयातली एक तरी धड राहिली. झोप लागत नाही ना, तेव्हा मी तेच मनाशी म्हणते. पलीकडे एकजण धड आहे."

नोलुसापोने कुंपणावरून चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ती पिळली. आता खरं सांगायची सोयच उरली नव्हती.