गव्हर्नरसाहेबांच्या जहाजात काय होतं

पाचवीतल्या आन्यानं चिठ्ठी उचलली आणि तिच्या वाट्याला आले गव्हर्नर एलिहू ब्रॅमवेल. अडीचशे वर्षांपूर्वीचे न्यू इंग्लंडचे जहाजमालक. अमेरिकेतल्या नोव्हाय गावी तिच्या शाळेत ‘वॅक्स म्युझियम’ होतं. पोरांनी थोरामोठ्यांचा वेश करून पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि समोरच्या लाल कागदी बटणावर कुणी बोट ठेवलं की ‘मी अमुक’ म्हणून आपली गोष्ट सांगायची.

आन्याच्या आईला, रेणूला, काळजीच लागली. बॉथेल गावाहून इथं मूव्ह होऊन तीन महिने झाले, पण पोरीनं वर्गात तोंड म्हणून उघडलं नव्हतं. घरी बडबड बडबड, शाळेत मिठाची गुळणी. टीचरनी रेणूला बोलावूनही घेतलं होतं.

पण रेणू म्हणजे एकेकाळी नागपुरातल्या वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली बाई. ती कसली स्वस्थ बसते! तिनं स्वतः भाषण लिहिलं, हातवाऱ्यांसकट. पिंपं बनवणाऱ्याचा गरीब मुलगा, पुढे जहाजांचा मालक, मग गव्हर्नर, गावाला चर्च बांधून दिलं, गावानं रस्त्याला त्यांचं नाव दिलं, वा रे वा! महाराष्ट्र मंडळाच्या नाटकातला पेशवाई अंगरखा आणून त्याला पितळी बटणं लावली आणि पोरीकडून सगळं घोकून घेतलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आन्यानं लायब्ररीतलं पुस्तक तिच्यापुढे धरलं. साहेबांच्या जहाजांतून साखर यायची तशी आफ्रिकेतली माणसंही यायची, साखळदंडात, विकायला.

“आई, हे तू लिहिलंच नाहीस. मी तुझं स्पीच नाही म्हणणार.”

रेणूनं समजावलं, मग दटावलं. आता काही बदलू नकोस, ऐनवेळी गडबडशील, आधीच तुझं तोंड उघडत नाही. आन्या गप्प झाली ती झालीच. आपणच पोरीचं उरलंसुरलं बोलणं बंद केलं की काय, ही धास्ती रेणूला लागली.

शाळेच्या जिममध्ये ही गर्दी! अंतराळवीरापुढे रांग, गव्हर्नरापुढे चिटपाखरू नाही. शेवटी रेणूनंच देवाचं नाव घेऊन बटणावर बोट ठेवलं. आन्या खणखणीत इंग्रजीत सुरू झाली.

“मी गव्हर्नर ब्रॅमवेल. माझ्या जहाजांतून मी साखर आणली, आणि माणसंही आणली, विकायला. त्यांची नावं मी कधी विचारली नाहीत. माझं नाव मात्र तुम्ही रस्त्याला दिलंत.”

रेणूनं लिहिलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं, आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिथंच फतकल मारून बसावं. माणसं जमायला लागली. एका आजोबांनी पुन्हा बटण दाबलं आणि पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरू, आधीपेक्षा मोठ्यानं.

टीचर हळूच रेणूला म्हणाल्या, जरा पाणी द्या तिला, अशानं आवाज बसेल.

“बसू दे हो,” रेणू डोळे पुसत म्हणाली, “तीन महिने विश्रांतीच घेत होता.”