शशीचं पान

लॉकडाऊनमध्ये लोक ब्रेड भाजायला शिकले, माझा नवरा शशी पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकला. ब्रिस्टलला विमानाच्या पंखांवर काम करणारा माणूस, पण स्वयंपाकघरातल्या टॅबलेटसाठी त्याने लिहिलेला प्रोग्राम पहिल्या दिवसापासून गंडलेला. घरातल्या तिघांना एकेक पान, ज्याची कामं त्याच्या पानावर. प्रत्यक्षात मी माझ्या पानावर ‘दूध’ लिहिलं की ते शशीच्याही पानावर उमटायचं, आमच्या लेकीच्या, तनयाच्याही.

“मग तीन पानं कशाला? एकच कागद लाव फ्रिजला!” मी वैतागायचे.

“वीकेंडला बघतो गं.” वीकेंडला तो बघायचा, डोकं खाजवायचा आणि दूध घेऊन यायचा.

मार्चमध्ये तो गेला. हार्ट अटॅक. त्याचे कपडे मी चॅरिटी शॉपला दिले, फोन बंद केला. टॅबलेट मात्र तसाच राहिला. सकाळी चहा ठेवला की मी शशीचं पान उघडायचे. त्यावर रोज नवं काहीतरी असायचंच. ते आम्ही दोघींनीच लिहिलेलं असायचं, हे काय मला कळत नव्हतं? तरी त्याच्या नावाखाली आजची कामं दिसली की बरं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणाले असते.

एका रविवारी तनया धावत खाली आली. तिला ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, कंप्युटर सायन्स आहे.

“आई, बाबाच्या प्रोग्राममधला बग सापडला! कोडमधला क्लास म्हणजे मोदकाचा साचा, ओके? आपण तिघं त्यातले मोदक. सारण प्रत्येकाच्या आत पाहिजे ना? बाबाने लिस्ट साच्यालाच चिकटवली. सो तिघांना एकच लिस्ट! आता मी सगळ्यांना सेपरेट दिली.”

किती दिवसांनी पोरगी हसत होती. मी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवला. माझ्या पानावर बॉयलरवाल्याला फोन, तनयाच्या पानावर मॉक एक्झाम. शशीचं पान उघडलं. वर नाव, खाली काहीच नाही. प्रोग्राम अगदी बरोबर चालत होता. मार्चमध्ये रडले नव्हते एवढी रडले. होतं नव्हतं ते दूध उतू गेलं.

तनया आली, तिने पान पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “सॉरी, आई. मी बग परत आणते. टू मिनिट्स, प्रॉमिस.”

“नको.” राग आला होता, पण तिचा नाही, वीकेंडला बघतो म्हणणाऱ्याचा. “तू केलंस ते बरोबर आहे. राहू दे.”

ती बस पकडायला गेल्यावर मी शशीच्या पानावर लिहिलं, ‘दूध आण.’ मग माझं पान पाहिलं, तनयाचं पाहिलं. कुठेच उमटलं नव्हतं. फक्त त्याच्याकडे होतं.

मग कोट घातला आणि दूध आणायला गेले.