कुणाच्याही संगणकावर

ग्रोवरने सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेजारी योवाना हात मांडीवर ठेवून बसली होती. त्याच्या पडद्यावर दोन आभासी यंत्रं उघडली, एक मुख्य आणि एक कोरं. खऱ्या सर्व्हरवर करायचं ते आधी या लुटुपुटीच्या यंत्रांवर करून बघायचं. कोऱ्याने जागं होऊन नेटवर्कवरचा पत्ता मागायचा, मुख्याने तो द्यायचा, आणि मग कोऱ्यात सगळी प्रणाली आपोआप भरायची. कोरं यंत्र जागं झालं, पत्ता मागत राहिलं. उत्तर आलंच नाही.

"पुन्हा तिथंच अडलं, ताई," ग्रोवर म्हणाला.

कोचाबाम्बा शहरातल्या त्या छोट्या कंपनीत हे फक्त योवानाच्या संगणकावर चालायचं. ठिगळं लावत लावत तिनेच ते उभं केलं होतं. त्यामुळे कुठल्याही ग्राहकाचा सर्व्हर बसला की फोन तिलाच. भाच्याच्या जावळाला पहिली बट मावशी म्हणून तिने कापायची होती. तेव्हाही दुसऱ्याच्या हाती कात्री देऊन ती अंगणात फोनवर बोलत राहिली होती. आता तारिहाला, तिच्या गावी, आईची नजर मंदावत चालली होती. तिथे नोकरीही मिळाली होती, पण ती जागा फार दिवस थांबणार नव्हती. मालक दॉन एर्विन यांनी तिचा राजीनामा वाचून नीट घडी घालून ठेवला. तुझ्या जागी घेतलेल्या ग्रोवरच्या संगणकावर हे उभं राहू दे पोरी, मग खुशाल जा, म्हणाले.

ती उठली आणि कोपऱ्यावरून दोघांसाठी साल्तेन्या, रसाळ सारणाच्या गरम करंज्या, घेऊन आली. काचेच्या दाराशी येताच थबकली. ग्रोवरच्या पडद्यावर कोऱ्या यंत्रात प्रणाली भराभर भरत होती. त्याने ती शेवटपर्यंत पाहिली. मग दोन्ही यंत्रं पुसली आणि कोऱ्याची हाक मुख्यापर्यंत पोचू नये म्हणून त्याला मुद्दाम निराळ्या नेटवर्कवर टाकलं.

योवाना आत आली. गरम पुडी टेबलावर ठेवली.

"कधीपासून चालतंय?"

ग्रोवरने मान वळवली नाही. "आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून."

मग तोच पुढे म्हणाला, "मुलगी सुक्रेला असते माझी. शनिवारच्या बसने जातो. हे चाललं की तुमचा फोन माझ्याकडे येणार. मग कुठला शनिवार, ताई?"

योवानाला संतापायचं होतं. पण तिने एक साल्तेन्या त्याच्यापुढे सरकवली.

"आधी खाऊन घे. रस गळतोय."

त्या दुपारपासून दोघं दार लावून बसू लागली. फक्त योवानाला ठाऊक असलेल्या खाचाखोचा एकेक करून काढून टाकल्या. जे जे ती हाताने करायची, ते ते यंत्रालाच करायला लावलं. शेवटी एक आज्ञा दिली की सगळं उभं राहू लागलं. तिसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर चालवून बघायला हवं, असं त्यांनी दॉन एर्विनना सांगितलं. त्यांच्या संगणकावर फुटबॉलच्या बातम्यांखेरीज फारसं काही उघडत नसे. ते कुरकुरले, चष्मा लावला आणि ग्रोवर सांगेल तसं एका बोटाने टंकलं.

कोरं यंत्र जागं झालं. पत्ता मागितला. मिळाला.

"हे मी केलं?"

"तुम्हीच," योवाना म्हणाली.

दॉन एर्विननी ते पुसून पुन्हा करून पाहिलं, या वेळी कुणाला न विचारता. तेवढ्यात फोन वाजला, तो त्यांनीच उचलला. ओरुरोच्या ग्राहकाचा सर्व्हर सकाळपासून बंद होता. फोनवर तळवा ठेवून दॉन एर्विन सवयीने योवानाकडे वळले. ती पडद्याकडे बघत होती. त्यांनी ग्रोवरकडे पाहिलं. तो एक वायर गुंडाळत होता, फारच निगुतीने. पडद्यावर ओळींमागून ओळी उमटत होत्या.

दॉन एर्विननी तळवा काढला.

"मी बघतो," ते फोनवर म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.